अकरा लाखांचा नफा, चार लाखांची घट

एका कंपनीला वर्षभरात कर भरण्याची तरतूद करून ११ लाख रुपये नफा झाला. त्याच वर्षात तिची रोख आणि बँकेतली शिल्लक १२ लाखांवरून ८ लाखांवर आली. हिशेबात कुठेही चूक नाही, लबाडी नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. मग पैसे गेले कुठे? या प्रश्नाचं ओळीओळीनं दिलेलं उत्तर म्हणजे रोख प्रवाह पत्रक. कॉलेजात त्याला कोणी या नावानं हाक मारत नाही. सगळे ‘कॅश फ्लो’ म्हणतात.

आपण बी.कॉम.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल किंवा सीए इंटरमीजिएटच्या ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगची तयारी करत असाल, तर हा धडा आपल्याला चुकणार नाही. बरेच जण तो एका तक्त्यावर निभावून नेतात: मालमत्ता वाढली की वजा, देणी वाढली की अधिक. तक्ता चुकीचा नाही. पण गणितात एखादं यंत्र विकलेलं निघालं किंवा बोनस शेअर निघाले की तक्ता मुका होतो. त्यापेक्षा ताळेबंदातली जी ओळ बदलली, तिचं खातं उघडायचं आणि त्या बदलात रोकड किती होती ते शोधायचं, ही सवय शेवटपर्यंत साथ देते. आज तसंच करू.

आधी थोडं कायद्याचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(४०) मध्ये वित्तीय विवरणांची जी व्याख्या आहे, तिच्यात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाबरोबर रोख प्रवाह पत्रकही येतं. एकल व्यक्ती कंपनी, छोटी कंपनी आणि निष्क्रिय कंपनी यांना त्यातून सूट आहे. पत्रक कसं करायचं हे लेखामानक ३, म्हणजे एएस ३, सांगतं. लेखामानक म्हणजे हिशेब कसे लिहावेत आणि मांडावेत याचे ठरलेले नियम. मोठ्या कंपन्यांना इंड एएस ७ लागू होतं, गाभा तोच.

आता वही-पेन्सिल घ्या. आकडे सगळे लाखांत आहेत.

३१ मार्च २०२४ चा ताळेबंद: भाग भांडवल ४०, शिल्लक नफा १८, बँकेचं दीर्घ मुदतीचं कर्ज २०, पुरवठादारांची देणी १२, कराची तरतूद ५. बेरीज ९५. समोर स्थिर मालमत्ता घसारा वजा जाता ५०, मालाचा साठा १८, ग्राहकांकडची येणी १५, रोख व बँक १२. बेरीज ९५.

३१ मार्च २०२५, त्याच क्रमानं: ५०, २५, १६, १५, ६, बेरीज ११२. समोर ५८, २४, २२, ८, बेरीज ११२.

जोडीला प्रश्नात खाली दिलेली माहिती: वर्षाचा घसारा ६. वहीत ४ किंमत उरलेलं एक यंत्र ५ ला विकलं. कर्जावर २ व्याज दिलं. भागधारकांना ४ लाभांश वाटला. प्राप्तिकर ४ भरला.

पहिली पायरी उत्तर लिहिण्याची. हो, उत्तरच. रोख १२ होती, ८ झाली, म्हणजे पत्रकाच्या तळाला उणे ४ आलं पाहिजे. ते पानाच्या खाली पेन्सिलीनं लिहून ठेवा. कॅश फ्लोचं गणित असं दुर्मीळ आहे की उत्तर आधीच माहीत असतं. गुण असतात ते वाटेचे.

पण ‘रोख’ कशाला म्हणायचं? गल्ल्यातले पैसे, बँकेतली मागता क्षणी मिळणारी शिल्लक आणि रोख-समतुल्य, म्हणजे जवळजवळ रोखच असलेली, किंमत फारशी न हलणारी अल्पमुदतीची गुंतवणूक. यासाठी मुदत तीन महिन्यांची किंवा त्याहून कमी हवी, आणि ती मोजायची गुंतवणूक घेतल्या दिवसापासून. इथे हमखास पाय घसरतो. वर्षाची मुदत ठेव असेल आणि ताळेबंदाच्या तारखेला तिचे दोनच महिने उरले असतील, तरी ती रोख-समतुल्य ठरत नाही. बँकेतून पैसे काढून गल्ल्यात ठेवले तर तो प्रवाहच नव्हे. या खिशातून त्या खिशात गेले इतकंच.

दुसरी पायरी वर्किंग नोट्सची, म्हणजे कच्च्या खात्यांची. विद्यार्थी ती शेवटी, वेळ उरला तर करतात. मी म्हणेन, सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला.

स्थिर मालमत्तेचं खातं उघडू. सुरुवातीला ५०. घसाऱ्यानं ६ गेले, विकलेल्या यंत्राचे ४ गेले. उरले ४०. पण वर्षअखेर तर ५८ दिसतात. म्हणजे १८ ची नवी खरेदी झाली आहे. प्रश्नात हा आकडा कुठेही दिलेला नाही. खात्यानं तो बाहेर काढला. ज्यांनी खातं उघडलं नाही, ते ५८ मधून ५० वजा करून खरेदी ८ धरतात आणि मग अर्धा तास शोधत बसतात.

कधी मालमत्ता मूळ किमतीला आणि साठलेला घसारा वेगळा असा दिलेला असतो. तेव्हा दोन खाती लागतात. विकलेल्या यंत्राची मूळ किंमत मालमत्तेच्या खात्यातून जाते आणि त्या यंत्रावर साठलेला घसारा घसाऱ्याच्या खात्यातून. दोन्हीकडे वहीतली उरलेली किंमतच टाकायची, ही चूक उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते.

कराचं खातं. सुरुवातीची तरतूद ५, त्यातून ४ भरले, अखेरीस ६ उरली. म्हणजे या वर्षी नफ्यातून ५ ची नवी तरतूद केली. तरतूद म्हणजे बाजूला धरून ठेवलेली रक्कम. ती अजून दिलेली नाही. भरलेला कर ४ आणि तरतूद ५ हे दोन आकडे वेगळ्या कामाचे आहेत, त्यांची अदलाबदल करू नका. प्रश्नात कर किती भरला ते सांगितलंच नसेल, तर मागच्या वर्षीची तरतूद या वर्षी भरली आणि या वर्षीची तरतूद नव्यानं केली असं धरण्याचा रिवाज आहे. तसं धरल्याची एक ओळ मात्र लिहावी.

मग शिल्लक नफ्याचं खातं. १८ होते, २५ झाले, मधे ४ लाभांश गेला. म्हणजे करानंतरचा नफा ११. त्यात तरतुदीचे ५ परत मिळवले की करापूर्वीचा नफा १६. पत्रकाची सुरुवात या १६ नं होईल.

लाभांशाबद्दल थोडं थांबू, कारण इथे जुनी पुस्तकं घात करतात. पूर्वी संचालकांनी सुचवलेला लाभांश त्याच वर्षाच्या ताळेबंदात देणं म्हणून दाखवत. २०१६ मध्ये लेखामानक ४ बदललं. आता ताळेबंदाच्या तारखेनंतर सुचवलेला लाभांश देणं म्हणून धरत नाहीत, फक्त टिपेत सांगतात. भागधारकांनी मंजूर केल्यावर तो पुढच्या वर्षी दिला जातो. अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड गाइड आणलं असेल तर आधी छपाईचं वर्ष बघा. २०१६ च्या आधीचं असेल तर त्यातली लाभांशाची उदाहरणं सोडून द्या.

आता पत्रक मांडायचं. त्याचे तीन भाग असतात: रोजच्या धंद्यातून येणारी-जाणारी रोकड, गुंतवणुकीची रोकड आणि भांडवल-कर्जाची रोकड. वर्गात आपण त्यांना ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग म्हणतो.

पहिला भाग सर्वात लांब. करापूर्वीच्या १६ पासून सुरुवात. या १६ मध्ये काही आकडे असे आहेत की ज्यांत रोकड नव्हतीच, आणि काही असे की ज्यांची जागा दुसऱ्या भागात आहे. ते आधी बाहेर काढायचे.

घसारा ६ मिळवा. नेमकं इथे ‘घसाऱ्यातून पैसे आले’ असं लिहिलं जातं. घसाऱ्यातून दमडीही येत नाही. यंत्राची किंमत खरेदीच्या दिवशीच देऊन झाली. दरवर्षी तिचा एक हिस्सा खर्च म्हणून लिहिला जातो, इतकंच. नफा काढताना तो वजा झाला होता, पण त्यासाठी खिशातून काही गेलं नव्हतं, म्हणून परत मिळवला.

व्याज २ मिळवा. ते खरोखर दिलेलं आहे, पण कर्जाचं व्याज फायनान्सिंगमध्ये दाखवायचं आहे. इथून उचललं की तिथे ठेवायला विसरू नका. बँका आणि वित्तसंस्थांचं मात्र वेगळं: व्याज हाच त्यांचा धंदा, म्हणून त्यांचं व्याज ऑपरेटिंगमध्येच राहतं.

यंत्र विक्रीचा नफा १ वजा करा. तो १६ मध्ये धरलेला आहे आणि विक्रीचे पूर्ण ५ आपण गुंतवणुकीच्या भागात दाखवणार आहोत. वजा केला नाही तर तोच रुपया दोनदा मोजला जाईल.

१६ अधिक ६ अधिक २ उणे १, म्हणजे २३. हा खेळत्या भांडवलातल्या बदलांपूर्वीचा नफा. खेळतं भांडवल म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकून फिरत राहणारा पैसा: माल, उधारी, पुरवठादारांची बाकी.

माल १८ वरून २४ झाला. जास्तीच्या ६ चा माल गोदामात पडून आहे, त्याचे पैसे अडकले: उणे ६. येणी १५ वरून २२: विक्री नफ्यात धरली गेली, पण ७ हातात आले नाहीत, म्हणून उणे ७. पुरवठादारांची देणी १२ वरून १५: माल आला, खर्चात धरला, पण ३ अजून दिले नाहीत, म्हणून अधिक ३. चिन्हाचा गोंधळ झाला तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. वहीत नावं वाढली की त्या महिन्यात गल्ला हलका असतो, आणि घाऊक व्यापाऱ्याची बाकी थकवली की तोच गल्ला काही दिवस जड दिसतो.

२३ उणे ६ उणे ७ अधिक ३, झाले १३. त्यातून प्रत्यक्ष भरलेला कर ४ वजा. धंद्यातून आलेली निव्वळ रोकड ९.

कराची तरतूद खेळत्या भांडवलात धरायची का, असा प्रश्न इथे येतो. धरायची नाही, तिचा निकाल तिच्या खात्यात लागलेला आहे. अल्पमुदतीचं बँक कर्जही इथे घेऊ नका. ते चालू देण्यांच्या रांगेत बसलेलं असतं म्हणून हात आपोआप तिकडे जातो, पण ते कर्ज आहे आणि त्याची जागा फायनान्सिंगमध्ये. कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्टसुद्धा एएस ३ च्या गणितांत तिथेच धरतात.

दुसरा भाग दोन ओळींचा. यंत्र विकून आलेले ५ अधिक, नवी खरेदी १८ उणे. निव्वळ उणे १३. कंपनीला दुसरीकडून व्याज किंवा लाभांश मिळाला असता तर तोही इथेच आला असता. दोन्ही ओळी वेगळ्या लिहायच्या, १३ चा एकच आकडा टाकायचा नाही.

वेगळ्या ओळी का, ते तिसऱ्या भागात छान दिसतं. नवे शेअर विकून १० आले. कर्ज २० वरून १६ झालं, ४ फेडले. व्याज २ दिलं. लाभांश ४ दिला. बेरीज शून्य! नुसतं शून्य लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, या बाजूला वर्षभर काही घडलंच नाही. प्रत्यक्षात भागधारकांकडून १० घेतले आणि त्यांतले ४ लाभांश म्हणून त्यांनाच परत गेले. हे कळायला प्रत्येक ओळ दिसायला हवी.

भाग भांडवल वाढलं की तेवढी रोकड आलीच, असं समजू नका. बोनस शेअर दिले असतील तर राखीव निधीतली रक्कम भांडवलात गेली, एवढंच. पैसा हलला नाही. कर्जरोख्यांचे शेअर झाले किंवा यंत्राच्या मोबदल्यात शेअर दिले, तरी तेच. असे व्यवहार पत्रकात येत नाहीत, त्यांची माहिती टिपेत देतात. उलट शेअर दर्शनी किमतीपेक्षा जास्त दरानं विकले असतील, तर तो अधिमूल्याचा पैसा राखीव निधीच्या गटात जाऊन बसतो. तो शोधून इथे आणावा लागतो.

आता बेरीज: ९ उणे १३ अधिक ०, बरोबर उणे ४. सुरुवातीची १२, अखेरची ८. पेन्सिलीचा आकडा जुळला.

जुळला नसता तर? फरकाचा आकडा आधी नीट बघा. समजा १४ चा फरक आहे. त्याचा निम्मा ७, आणि ७ हा येण्यांतला बदल. म्हणजे तिथे उणेच्या जागी अधिक झालं असण्याची शक्यता दाट. फरक २ असेल तर दोन संशयित: विक्रीचा नफा १ वजा करायच्या ऐवजी मिळवला, किंवा २ व्याज ऑपरेटिंगमधून उचललं आणि फायनान्सिंगमध्ये ठेवलंच नाही. फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे उतरवले का ते तपासा, ४२ चे २४ वगैरे. आणि काहीही झालं तरी फरकाची रक्कम ‘इतर’ म्हणून घुसडू नका. तपासणाऱ्याला ती पहिल्या नजरेत दिसते. पायऱ्या बरोबर असून तळ न जुळलेल्या उत्तराला त्याहून बरे गुण मिळतात.

मात्र जुळलं म्हणजे सुटलो, असंही नाही. एक प्रयोग करून बघा. घसारा दोन्हीकडे विसरा: नफ्यात मिळवू नका आणि मालमत्तेच्या खात्यातही घालू नका. खरेदी १८ ऐवजी १२ निघेल, गुंतवणुकीचा भाग उणे ७ होईल, धंद्याची रोकड ९ ऐवजी ३ होईल. बेरीज? पुन्हा उणे ४. पत्रक झकास जुळलं आणि दोन भाग साफ चुकले. लाभांश ऑपरेटिंगमध्ये टाकला तरी तळाचा आकडा हूं की चूं करत नाही. म्हणून जुळल्यावरही प्रत्येक ओळ योग्य भागात आहे ना, हे एकदा बोट ठेवून पाहावं.

तळाचा आकडाच खोटा असेल तर बेरीज जुळूनही उपयोग नाही, याचं मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिल्लकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे बँकेकडून परस्पर लेखी खातरजमा हा लेखापरीक्षणातला विषय पुढे शिकाल तेव्हा तो कोरडा समजून पानं उलटू नका.

आपण आत्ता केली ती अप्रत्यक्ष पद्धत: नफ्यापासून निघून मागे रोकडीकडे यायचं. प्रत्यक्ष पद्धतीत ग्राहकांकडून किती आले, पुरवठादारांना किती दिले, पगार किती दिले, हे सरळ लिहितात. विक्री १२० आणि येणी ७ नं वाढलेली असतील तर ग्राहकांकडून ११३ आले. बाकीच्या ओळीही अशाच काढायच्या. धंद्याच्या रोकडीचं उत्तर तेच ९ येतं, आणि उरलेले दोन भाग जसेच्या तसे राहतात. एएस ३ दोन्ही पद्धती चालवून घेतं. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीनं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मात्र अप्रत्यक्ष पद्धतच बंधनकारक केली आहे, म्हणून अभ्यासातही तिच्यावर भर असतो.

आपल्या कंपनीकडे परत बघितलं, तर ११ लाखांच्या नफ्याचं काय झालं ते आता सांगता येईल. धंद्यानं ९ आणले. साठा आणि उधारी यांतच १३ अडकले नसते तर ते बरेच जास्त असते. यंत्रांवर निव्वळ १३ गेले. उधारी ७ नं का वाढली, हे विचारायला हवं. विक्री त्याच प्रमाणात वाढली असेल तर काळजी नाही. विक्री आहे तिथेच असेल, तर ग्राहक थकले आहेत.

सराव कशावर करावा? सीए संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्याससाहित्य आणि आधीच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं मोफत मिळतात, बी.कॉम.वाल्यांनाही ती चालतात. दहा-बारा गणितं झाली की बजाज ऑटो किंवा किर्लोस्कर समूहातल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि त्यातला कॅश फ्लो ताळेबंद शेजारी ठेवून वाचा. तिथे इंड एएस लागू असल्यानं ‘लीज लायबिलिटी’ची परतफेड, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या जागा-यंत्रांच्या देण्यातली मुद्दल, फायनान्सिंगमध्ये दिसेल, ती बघून गडबडू नका. आणि कंसातला आकडा म्हणजे उणे. ‘मालाच्या साठ्यातली वाढ/घट’ अशी ओळ आणि पुढे कंसात आकडा असेल, तर माल वाढला आहे, कमी झालेला नाही.